पेटीतल्या बाईचे हात

दाक्षायणीअव्वांच्या रविवारच्या वर्गाचा एकच कडक नियम होता. कोणतीही जादू माणसांना दाखवण्याआधी भिंतीला दाखवायची, तीही दहा वेळा. भिंत हसत नाही, टाळ्या वाजवत नाही आणि चुगलीही करत नाही, असं त्या पोरांना सांगत. बाळीवेशीतल्या त्यांच्या घरामागच्या अंगणात चौदा पोरं भिंतीकडं तोंड करून रुमाल गायब करत बसायची. अव्वा एकेकाच्या मागं उभ्या राहून हळूच म्हणायच्या, "बोटं मोकळी ठेव बाळा. मूठ आवळली की चोरी दिसती."

कोपऱ्यातल्या खाटेवर त्यांचे यजमान गुरुसिद्धप्पा शेंगा फोडत बसलेले असत. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणे. चाळीस वर्षं त्यांनी अक्कलकोटपासून विजापूरपर्यंतच्या जत्रा जादूच्या खेळांनी गाजवल्या होत्या. पोस्टरवर त्यांचं नाव हातभर अक्षरांत असे. अव्वांचं नाव पोस्टरवर कधीच नव्हतं. त्या होत्या पेटीतली बाई.

पेटी सागवानी, पुरुषभर उंच. बाई आत जाते, दार लागतं, दार उघडतं, बाई नाही! आत काय घडतं ते सांगायचं नसतं. पण आत अंगठ्याएवढी एक पितळी कळ होती, एवढं सांगायला हरकत नाही. अव्वांचे वडील चनबसप्पा गिरणीत फिटर होते. मोडक्या मागाच्या पितळेतून त्यांनी ती घडवली होती, लेकीची पाठ वाचावी म्हणून. कारण त्याआधीची दोन वर्षं आतली एक जड फळी अव्वांना टाच आणि पाठ लावून रेटून धरावी लागे. कळ आली आणि ते काम कळ करू लागली.

हात थरथरू लागले तसा अप्पांनी खेळ बंद केला आणि पेटी युवराजला दिली. करमाळ्याकडचा युवराज नऊ वर्षं त्यांच्या घरी राहून, अव्वांच्या हातची कडक भाकरी खाऊन शिकला होता. पेटी देताना अप्पांनी एकच वचन घेतलं होतं, तिचं गुपित लोकांसमोर उघडायचं नाही. युवराजनं पायावर डोकं ठेवून वचन दिलं होतं.

यंदा गड्ड्याची जत्रा भरली आणि त्या रविवारी अकरा वर्षांची काव्या आईचा फोन घेऊन वर्गात आली. फोनवर युवराजची जाहिरात होती. जत्रेच्या शेवटच्या दिवशी कुठल्याशा चॅनेलच्या कॅमेऱ्यासमोर तो पेटी खोलून दाखवणार होता, एकेक फळी सुटी करून. पोरं फोनभोवती गोळा झाली. बारा वर्षांची झालीस की पेटीचा खेळ शिकवीन, असं अव्वांनी काव्याला कबूल केलं होतं. वाढदिवसाला चारच महिने उरले होते.

काव्या म्हणाली, "अज्जी, मग आता शिकायचं कशाला? फोनवरच कळंल की."

तिच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हतं. पण अव्वांना ते दिवसभर सलत राहिलं. त्या दिवशी पोरांनी भिंतीला दहाऐवजी तीनचारदाच रुमाल दाखवले आणि ती घरी पळाली.

दुसऱ्या दिवशी अप्पा काठी टेकत युवराजकडं जाऊन आले. युवराजनं पाया पडून चहा पाजला, खुर्ची दिली आणि नाही म्हटलं. लोक आता जादू बघायला येत नाहीत, ती कशी करतात ते बघायला येतात, असं त्याचं म्हणणं. अप्पा घरी येऊन खाटेवर बसले. मग म्हणाले, "दिली वस्तू परत मागायला तोंड न्हाय मला."

"पेटी तुमी दिलीसा," अव्वा भाकरी थापता थापता म्हणाल्या. "कळ माझ्या वडलांनी मला दिलेली. ती देताना मला कुनी इचारलं व्हतं का?"

अप्पांनी मान वर केली. चाळीस वर्षांत हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. कळ निघाली तर पेटी म्हणजे नुसतं कपाट, त्यात उघडून दाखवण्यासारखं काही उरणार नाही, हे मात्र त्यांना लगेच कळलं. पण युवराजच्या भर तंबूत, सहाशे माणसांसमोर काढायची? आणि ही चोरी नव्हे का, असंही त्यांनी विचारलं.

"आपलीच वस्तू हाय. मागून मिळंना, म्हनून न मागता आनायची," अव्वा म्हणाल्या.

बेत अव्वांनीच आखला. पेटी तपासायला युवराज प्रेक्षकांतून कुणाला तरी वर बोलवतो, त्या वेळी अव्वांनी जायचं. तपासणाऱ्याला आत उभं करून तो दार लावतो आणि मोठ्यानं दहा आकडे मोजतो. तेवढ्यात कळ काढायची. अप्पांनी पहिल्या रांगेत बसायचं आणि काहीही करायचं नाही.

"काय करायचंच न्हाय, तर त्यो माझ्याकडं बघंल कशाला?"

"तुमी काय करताय ते कळंना झालं, की बघतच बसंल."

मग अव्वा आपल्याच नियमाला लागल्या. कपाटाच्या दाराला आतून कळेसारखा एक जुना स्क्रू बसवला आणि अंधारात उभं राहून डाव्या हातानं तो काढायचा सराव सुरू केला. दीड वेढा डावीकडं, दाबायचं, ओढायचं. पहिल्या दिवशी बावीस आकडे लागले, तिसऱ्या दिवशी चौदा, पाचव्या दिवशी नऊ. गुडघे कुरकुरत होते. अप्पा बाहेर बसून आकडे मोजत आणि मुद्दाम भरभर मोजत.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी, तीनच्या खेळाला, दोघं जत्रेच्या होम मैदानावर गेले. अप्पांनी जरीकाठी काळा कोट आणि केशरी फेटा घातला होता. अव्वांनी नेहमीचं इरकल लुगडं नेसलं होतं. अप्पांना पाहताच युवराज धावत येऊन पाया पडला, आणि पाठ वळताच त्यानं चार माणसं अप्पांच्या खुर्चीभोवती उभी केली. खेळ सुरू झाला तरी त्याचं अर्धं लक्ष पहिल्या रांगेत. जो हात हालत नाही त्याच्यावर नजर ठेव, हे त्याला अप्पांनीच शिकवलेलं. अप्पांचा उजवा हात थरथरत शेंगा फोडत होता आणि डावा कोटाच्या खिशात गप्प पडून होता. युवराज त्या खिशाकडं बघून बघून घामाघूम झाला. खिशात आणखी शेंगा होत्या.

पेटी मध्यभागी आली. तपासायला कोण येणार, असं युवराजनं विचारताच अव्वांनी हात वर केला. क्षणभर तो थबकला, मग हसला. अप्पा जागेवर आहेत ना, एवढं त्यानं पाहून घेतलं.

"या की अव्वा, या," तो माईकवर म्हणाला. "ह्या आमच्या गुरूंच्या मंडळी. चाळीस वर्षं ह्याच पेटीत नुसत्या उभ्या राहिल्यात. ह्यांच्यापेक्षा पेटी कोन वळखनार?"

लोक हसले. अव्वाही हसल्या. त्यांनी पेटीभोवती फेरी मारली, फळ्या ठोकून पाहिल्या आणि आत शिरल्या. दार लागलं. तोच सागवानाचा वास, तोच अंधार. बाहेर युवराज मोजू लागला. अव्वांचा हात न चाचपडता कळेवर गेला. पोरानं तेलपाणी मात्र नीट केलं होतं. दीड वेढा, दाब, ओढ. सातव्या आकड्याला कळ त्यांच्या अंबाड्यात होती आणि आठव्याला दोन्ही हात जोडलेले होते.

"मजबूत हाय," दार उघडल्यावर त्यांनी लोकांना सांगितलं आणि खाली येऊन खुर्चीत बसल्या. आता हळूच उठायचं आणि घर गाठायचं. पुढं युवराजची फजिती होईल, होऊ दे. बेत इथं संपत होता.

इतक्यात बँड वाजला आणि युवराजची साथीदार अपेक्षा रंगमंचावर आली. चमकीचा झगा घातलेली एकोणीस वर्षांची मुलगी. ओठांवर हसू होतं, पण हळूच ती तळहाताचा घाम झग्याला पुसत होती. अव्वांची नजर त्या हातावर गेली. त्यांनी बेतात युवराजचा विचार केला होता, अप्पांचा केला होता, कळेचा केला होता. पेटीत जाणाऱ्या पोरीचा केला नव्हता. दार उघडताच फळी ढासळणार होती आणि सहाशे माणसं त्या मुलीला हसणार होती. चाळीस वर्षं पेटीतल्या बाईकडं कुणी पाहिलं नाही, ही त्यांची तक्रार. आज त्यांनी स्वतः तेच केलं होतं.

अपेक्षानं पेटीच्या पायरीवर पाय ठेवला, आणि अव्वा उठून उभ्या राहिल्या.

"युवराज, तिला कशाला तरास? मीच जाते की आत."

तंबूत शिट्ट्या सुरू झाल्या. म्हातारीला जाऊ दे, म्हातारीला जाऊ दे, असा गलका उठला. युवराजनं चमकून अप्पांकडं पाहिलं. अप्पांच्या मांडीवरून शेंगांचा पुडा खाली पडला होता. हे बेतात नव्हतं आणि त्यांचा चेहरा लपवाछपवी विसरला होता. लोकांपुढं नाही म्हणायची सोय नव्हती. युवराजनं अव्वांना हात दिला. जाता जाता अव्वांनी अपेक्षाच्या पाठीवरून हात फिरवला.

दार लागलं. अव्वांनी टाच रोवली, पाठ फळीला टेकली आणि श्वास रोखून रेटा दिला. एकवीस वर्षांची असताना त्या हे रोज करायच्या. आता एकसष्ट वर्षांचे गुडघे म्हणत होते, सोड. अव्वा मनात भिंतीला म्हणत होत्या, दहा. फक्त दहा.

दार उघडलं. पेटी रिकामी होती.

तंबूत टाळ्यांचा कडकडाट उठला. युवराज मात्र दाराशी खिळून उभा होता. जिथं पितळ चमकायला हवं, तिथं त्याला एक काळं भोक दिसत होतं. कळ नव्हती, तरी फळी उभी होती. ती कशाच्या बळावर उभी आहे, हे त्या सहाशे जणांत फक्त तिघांना कळत होतं. एक बोट लावलं असतं तरी सगळं कोसळलं असतं. त्यानं बोट लावलं नाही. हलकेच दार लोटलं, तीन आकडे मोजून पुन्हा उघडलं, आणि पदर सावरत अव्वा बाहेर आल्या.

युवराजनं माईक तोंडाशी नेला. "दाक्षायणी गुरुसिद्धप्पा," तो म्हणाला. "नाव ध्यानात ठेवा." अप्पा काठीवर भार देऊन उठले आणि उभं राहून, थरथरत्या हातांनी, टाळ्या वाजवू लागले.

खेळ संपल्यावर पडद्यामागं अव्वा एका पत्र्याच्या ट्रंकेवर बसून गुडघे चोळत होत्या. अपेक्षानं त्यांना पाणी आणून दिलं. युवराज समोर येऊन जमिनीवरच बसला. दारावरच्या माणसांनी अप्पांचे खिसे तपासले होते आणि शेंगांची टरफलं काढली होती, ती अजून त्याच्या मुठीत होती.

"कळ कुटं हाय अव्वा?"

"हाय माझ्याजवळ."

"मी डोळ्याचं पातं लवू दिलं न्हाय. अप्पांचा एकेक हात बघत व्हतो."

"नऊ वर्षं तेच केलंस," अव्वा म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, वर्गात असतो तसाच तो सावकाश होता. "काम मी करत व्हते आनि तू बघत व्हतास ह्यांच्याकडं. म्हनून तुला पेटी कळली, जादू कळली न्हाय. उद्या फळ्या काढून दावशील. पाठ कशी दावशील?"

त्यानं मुठीतली टरफलं खाली ठेवली. मग फोन काढून त्यानं चॅनेलवाल्यांना कळवलं, पेटी बिघडली आहे, येऊ नका. ते खोटंही नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी गल्लीत एक टेम्पो उभा राहिला. चौघांनी मिळून पेटी अंगणात उतरवली. पोरं तिच्याभोवती नाचू लागली. काव्यानं लगेच आत शिरून उंची मोजून पाहिली. अपेक्षाही आली होती, ती अव्वांशेजारी सतरंजीवर बसली. युवराज दाराशीच घुटमळत होता. हा दादा वर्गासाठी लई मोठा नाही का, असं काव्यानं विचारलं.

"बसू दे त्याला. उशिरा भरती झालाय," अव्वा म्हणाल्या आणि एक रुमाल त्याच्या हातात दिला.

युवराज भिंतीकडं तोंड करून पोरांच्या रांगेत बसला. चौथ्याच वेळी त्याचा रुमाल बाहीतून निसटून खाली पडला. पोरं खिदळली, खाटेवर अप्पाही खोकला आल्यासारखं करून हसले. अव्वा मात्र हसल्या नाहीत. त्या त्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि आपले दोन्ही हात त्याच्या समोर धरले.

"आता हितं बघ," त्या म्हणाल्या. "आनि पहिल्यापासनं मोज."