‘या आता’ म्हणेपर्यंत

माझ्या भाच्याला घरात सगळे हुकूम म्हणतात, कारण त्याला जे सांगाल ते तो करतो, आणि तेवढंच करतो. लहानपणी कुणीतरी त्याला म्हणालं, दारात उभा राहा, पाहुणे आले की सांग. पाहुण्यांचा बेत बदलला, ते आलेच नाहीत, आणि हा दारातच उंच झाला. चौकटीवर खुणा आहेत, येऊन बघा.

या हुकूमची नगरपालिकेत मुलाखत होती. जागा चौकशीच्या खिडकीवरच्या कारकुनाची. पुढच्या महिन्यात त्याचं वय नोकरीच्या मर्यादेबाहेर जाणार होतं, म्हणजे ही शेवटची संधी. ही हुकली की जन्मभर माझ्या छत्रीदुरुस्तीच्या दुकानात बसायचं, आणि तिथे तो मलाच नको होता. एकदा एक गिऱ्हाईक छत्री त्याच्या हातात देऊन ‘जरा धरा’ म्हणालं आणि सुटं आणायला गेलं ते गेलंच. पठ्ठ्या दुकान बंद झाल्यावरही ती छत्री उघडी धरून फुटपाथवर उभा.

आधीची मुलाखतही अशीच हातची गेली होती. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी शिपायाला सांगितलं, ‘जा, चहा सांग.’ उठला कोण, तर आमचा हुकूम. चहा सांगून परत आला तेव्हा त्याच्या खुर्चीवर दुसरा उमेदवार बसून उत्तरं देत होता. त्याला नोकरी लागली. याच्या नशिबी एक कप चहा.

म्हणून या वेळी तयारी हिने हातात घेतली. ही म्हणजे आमची घरची, हुकूमची मामी. तिने सगळी नोकरी नगरपालिकेच्या करवसुलीच्या खिडकीत काढली, त्यामुळे घरीही ती माणसाशी चौकटीतून बोलल्यासारखी बोलते. स्वयंपाकघरात टेबल मांडलं, स्वतः अध्यक्ष झाली, मला इंजिनियर केलं आणि एका पायाने अधू असलेल्या स्टुलावर बसवलं. मी दोन प्रश्न विचारले. दोन्ही मूर्खपणाचे आहेत असं अध्यक्षांचं मत पडलं.

‘हे बघ,’ ती हुकूमला म्हणाली, ‘उत्तरं चुकली तर चुकू देत. पण अध्यक्षांनी “या आता” म्हटल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. कुणी चहा सांगो, कुणाला आग लागो. उठलास की मुलाखत संपली.’

‘बरं, मामी,’ हुकूम म्हणाला.

तेवढ्यात शेजारीण आली, ही तिच्याबरोबर गप्पा मारत खाली गेली, तिथून बाजारात, बाजारातून कुठे ते मला सांगितलेलं नाही. परत आली तेव्हा दिवे लागले होते. हुकूम गुडघ्यांवर हात ठेवून टेबलासमोर तसाच. ‘या आता,’ ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, ‘अहो, तयार झाला मुलगा.’

मुलाखतीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो. नगरपालिकेच्या दारातच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. जिन्यातून कपाटं उतरत होती. हो, कपाटंच, त्यांच्याखाली पाय दिसत होते. एका टेबलाने मला ‘बाजूला व्हा, काका’ म्हटलं. विचारलं तेव्हा कळलं की ऑफिस नव्या इमारतीत चाललंय. मग मुलाखती कुठे? कानाला पेन्सिल लावलेला एक शिपाई म्हणाला, ‘नोटीस लावलीय ना, वाचा की.’

‘कुठे लावलीय?’

‘त्या हिरव्या कपाटावर.’

हिरवं कपाट सकाळीच गेलं होतं.

शिपायालाही आता प्रश्न पडला. त्याने नोटीस चिकटवली होती, वाचली नव्हती. तरी त्याने आम्हाला माडीवरच्या एका खोलीत नेलं. एक लांब टेबल, पलीकडे तीन खुर्च्या, अलीकडे एक. ‘बसा इथे. साहेब आले तर येतील,’ असं म्हणून तो गेला. हुकूम बसला, गुडघे जुळवले, मांडीवर फाइल ठेवली. मी दारात उभा.

साहेब आले नाहीत, हमाल आले. त्यांनी पलीकडच्या तीन खुर्च्या नेल्या. मग टेबल नेलं. खोलीत आता चार भिंती आणि आमचा हुकूम, मधोमध, समोर कुणीच नाही अशा ठिकाणी आदराने बघत. मुकादम त्याच्याकडे आला. ‘उठा, खुर्ची न्यायचीय,’ असं त्याने सरळ सांगितलं. हुकूम म्हणाला, अध्यक्षांनी सांगितल्याशिवाय उठता येत नाही.

‘मी सांगतोय ना.’

‘तुम्ही अध्यक्ष आहात का?’

‘आहे की,’ मुकादम म्हणाला. ‘हमालांच्या संघटनेचा. दोनदा निवडून आलोय.’

हुकूम गडबडला. त्याचा एक पाय हललेला मी या डोळ्यांनी पाहिला. मी दारातूनच म्हटलं, ते नव्हेत रे, आपले वेगळे. पाय परत जागेवर गेला. मुकादमाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पुढच्या निवडणुकीत त्याच्याविरुद्ध उभा राहणार आहे. मग आपल्या माणसांना म्हणाला, ‘खुर्ची गेली पाहिजे. वर काय ठेवलंय ते आपण बघत नाही.’ चौघांनी चार पाय धरले आणि उचलली.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा थापा मारतोय. खुशाल म्हणा. पण जिन्याच्या वळणावर खुर्ची आडवी झाली तेव्हा हुकूमने फाइलसुद्धा खाली पडू दिली नाही. खाली हातगाडी होती. तिच्यावर खुर्ची चढवली, दोन बाजूंनी दोरी बांधली, आणि भर रस्त्यातून आमची वरात निघाली. खुर्चीत ताठ बसलेला हुकूम, मागे धापा टाकणारा मी. चौकातल्या पोलिसाने ही स्वारी पाहिली. कोण आहे ते न कळल्यामुळे त्याने सलाम ठोकला आणि सगळी रहदारी थांबवली. दाढी करून घेणारा एक गृहस्थ अर्ध्या साबणानिशी दुकानाबाहेर आला आणि मला विचारू लागला, निवडणूक लागली का हो? मी म्हटलं, मला काहीच माहीत नाही, आणि ते अगदी खरं होतं.

अर्ध्या वाटेत समोरून तिघं आली. एक जाडजूड गृहस्थ, गुडघा धरून लंगडत चाललेले. एक काटकुळा, खिशात मोजपट्टी. आणि डॉक्टरांची बॅग घेतलेल्या एक बाई. घामाघूम. जाड गृहस्थांनी मला विचारलं, मुलाखती कुठे चालल्यात काही कल्पना? मी म्हटलं, अहो, आम्हीही तेच शोधतोय, जुन्या इमारतीत तर नाहीत. ‘नव्यातही नाहीत,’ ते वैतागून म्हणाले, ‘तिथे बसायलासुद्धा काही नाही.’ आम्ही एकमेकांचं सांत्वन केलं. ते जुन्या इमारतीकडे गेले, आम्ही नव्या इमारतीकडे. बाकीचे उमेदवारही असेच दोन इमारतींच्या मध्ये फिरत होते म्हणे. काही अजून फिरत असतील.

नव्या इमारतीत रंगाचा वास आणि मोकळे हॉल. हमालांच्या दुसऱ्या टोळीने सगळं सामान कुठल्या तरी गोदामात नेऊन टाकलं होतं. अख्ख्या इमारतीत खुर्ची एकच, आणि ती भरलेली. मुकादमाने ती एका हॉलच्या मधोमध ठेवली, दोरी सोडली आणि हुकूमकडे न बघता निघून गेला.

बऱ्याच वेळाने जिन्यात पावलं वाजली. वाटेत भेटलेली तिघंच, पण आता त्यांच्याबरोबर कानाला पेन्सिल लावलेला शिपाई. ‘हे अध्यक्ष,’ त्याने जाड गृहस्थांकडे बोट दाखवलं, ‘हे इंजिनियर, या आरोग्याच्या डॉक्टरीणबाई. आणि साहेब, हा उमेदवार.’ मी ज्यांचं सांत्वन केलं होतं ते मुलाखत घेणारे निघाले. मी भिंतीला टेकलो.

अध्यक्षांचं हुकूमकडे लक्षच नव्हतं, ते खुर्चीकडे बघत होते. त्यांचा गुडघा सुजून टोपीएवढा झाला होता. ‘उठा,’ ते म्हणाले.

हुकूम हात जोडून म्हणाला, ‘साहेब, उठलो तर मुलाखत संपली असं होईल. अजून तुम्ही एकही प्रश्न विचारला नाही. आणि पुढच्या महिन्यात माझं वय निघून जातं.’

अध्यक्षांनी इंजिनियरकडे पाहिलं, इंजिनियरने छताकडे. मग अध्यक्ष गोडीत शिरले. बाहेर गार पाणी आहे, पिऊन या. नको साहेब. खिडकीतून बाग छान दिसते, बघा जाऊन. इथूनच दिसतेय साहेब. तिघंही खुर्चीसमोर रांगेत उभी, हुकूम बसलेला. कोण कुणाची मुलाखत घेतंय हे मला शेवटपर्यंत ठरवता येईना.

‘एक प्रश्न विचारून टाका,’ अध्यक्ष कळवळून इंजिनियरला म्हणाले.

इंजिनियरने घसा खाकरला. समजा खिडकीवर एखाद्याने विचारलं की अमुक साहेब कुठे भेटतील, तर काय सांगाल?

‘काय सांगणार, साहेब,’ हुकूम म्हणाला. ‘सकाळपासून मीच विचारतोय.’

संपलं, मी मनात म्हटलं, उद्यापासून छत्र्या. तेवढ्यात डॉक्टरीणबाई खुदकन हसल्या. अध्यक्षांना त्या म्हणाल्या, ‘लोकांची आपल्याबद्दल तक्रार काय असते हो? जागेवर कुणी सापडत नाही. आणि याला तर जागेवरून हलवता येत नाही.’

अध्यक्ष क्षणभर गुडघा विसरले. इंजिनियर मान हलवू लागले. ‘नेमला,’ अध्यक्ष म्हणाले. ‘नेमलं तुम्हाला. शिपाई, लिहून घे. आता तरी?’

हुकूमचे डोळे भरून आले, पण तो उठला नाही. अध्यक्ष रडकुंडीला आले. शेवटी मीच भिंत सोडून पुढे झालो आणि त्यांच्या कानाशी म्हटलं, ‘साहेब, “या आता” म्हणावं लागतं.’

‘या आता,’ अध्यक्ष म्हणाले, आणि हुकूम उठायच्या आत अर्धे त्याच्या मांडीवर बसले.

तेव्हापासून चौकशीच्या खिडकीवर कुणीही कधीही जा, माणूस जागेवर असतो. फक्त ऑफिस सुटलं तरी तो असतोच, म्हणून संध्याकाळी हिला जाऊन खिडकीतून ‘या आता’ म्हणावं लागतं. परवा तिचं अंग दुखत होतं, म्हणून मी गेलो. दिवे मालवलेले, रखवालदार किल्ल्या वाजवत उभा. मी म्हटलं, या आता, हुकूमराव.

त्याने खिडकीतून मला नीट न्याहाळलं. ‘मामा,’ तो अदबीने म्हणाला, ‘तुम्ही अध्यक्ष आहात का?’

‘आहे की,’ मी म्हटलं. ‘छत्रीवाल्यांच्या संघटनेचा.’

अजून तो विचारच करतोय.