एक तरी कुरकुऱ्या

गुडघ्यांमुळे मावशीला जिना उतरवेना, म्हणून भाच्याने मोबाइलवर एक गोळी शोधली.

"मावशी, नऊशे लोकांनी पाचपैकी पाच तारे दिलेत. प्रयोगशाळेचं प्रमाणपत्रही आहे!"

मावशीला तिचा जुना औषधवाला आठवला. सगळी गल्ली त्याच्या नावाने बोटं मोडायची. चिठ्ठीशिवाय गोळी देत नाही, वर खेकसतो. तरी औषधाला सगळे त्याच्याकडेच जायचे.

"नऊशे जणांत एकही कुरकुऱ्या नाही? अरे, तुझ्या लग्नातसुद्धा एवढी माणसं खूश नव्हती! कुरकुरणारा शोध, मग मागवू."

तासाभराने भाच्याने ऐटीत फोन पुढे केला. दुसऱ्या एका ऑनलाइन दुकानाच्या गोळीखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'डबा उशिरा आला, झाकण सैल, पण गोळी उत्तम.'

"हा खरा माणूस!" मावशी खुलली. तरी खात्रीसाठी तिने चष्मा लावून आणखी तीन दुकानं पाहिली. तिन्हीकडे डबा उशिरा आला होता, झाकण सैल होतं आणि गोळी उत्तम होती.

"मेल्यांनी कुरकुरसुद्धा विकत आणली!"

"मग आता?" भाच्याचा चेहरा पडला.

"आता हात दे. हळूहळू जिना उतरून डॉक्टरांकडे जाऊ. ते अजून तोंडावर खेकसतात."