पहिलं खरं शीट

रिकाम्या जीपमध्ये कोणी चढत न्हाई. सतरा वर्षं सेनगाव-हिंगोली रोडवर जीप चालवून मी ही गोष्ट शिकलो, कोणी फुकटात सांगितली न्हाई. माणूस फाट्यावर उभा राहतो, आत डोकावतो, कोणी दिसलं न्हाई की म्हणतो, ही काय लवकर हलत न्हाई, आन् मागच्या जीपकडं जातो. म्हणून आपलीच दोन-तीन माणसं आधी बसवायची. त्यांनी पिशव्या मांडीवर घेऊन असं बसायचं की त्यांची आज कोर्टात तारीख हाये. मग खरं शीट येतं. शीट म्हणजे आमच्यात गिऱ्हाईक. एक खरं शीट आलं की बाकीचे त्याच्या मागं येतात, आन् बसवलेली माणसं हळूच उतरून चहाला जातात.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं त्याला लोक म्हणतात देविदासची अक्कल गेली होती. अक्कल गेली नव्हती. धंद्यातली अक्कल लावली होती.

माझी बायको जिवनबाई ढावलो गाते. आमच्या बंजारा तांड्यात लेक सासरी निघाली की माणसांच्या गळ्यात पडून रडत रडत जे गाते, तो ढावलो. नवरीला येत नसंल तर जिवनबाईनं शेजारी बसून सांगायचा. तिनं सूर लावला की बँडवाले बी वाद्यं खाली ठेवून डोळे पुसायचे. मी डायवर माणूस, मला कशानं रडू येत न्हाई. पण त्या टायमाला मी मांडवापासून लांब, जीपपाशी जाऊन उभा राहायचो. काहून राहायचो ते तुमचं तुमी समजा.

मग लग्नात डीजे आला. पोरी पार्लरमधून तोंड रंगवून येऊ लागल्या, रडलं तर रंग उतरतो. दोन उन्हाळे जिवनबाईला कोणी बोलावलं न्हाई. ती भाकरी थापताना गायची ते बंद झालं, शेळ्या सोडताना गायची ते बंद झालं. घर इतकं गप झालं की मला जेवण जाईना. खरं सांगतो, मला तिचं गाणं पाहिजे होतं, मग ते कसं बी येवो.

एका कॅसेटवाल्याकडं नेलं तिला. तो म्हणला, आवाज जाडा हाये, एखादी कवळी पोरगी आणा, खाली ढोल टाकू. त्याला मी काय म्हणलो ते चारचौघांत सांगण्यासारखं न्हाई. शेवटी माझा भाचा संतोष कामाला आला. त्याचं हिंगोलीत स्टँडमागं सायबर कॅफे हाये.

"मामा, कंपनी पाहिजेच कशाला?" तो म्हणला. "आपणच रेकॉर्डिंग करू आन् मामीची वेबसाइट काढू. जगात कुठं बी बसून ऐकता येतं."

दोन हजार सहाची गोष्ट. लाइट राहायची अकरा ते दोन. तेवढ्यात आठ गाणी उरकायची होती. आत कॅफेत जिवनबाई माइकपुढं, आन् बाहेर माझ्या जीपमध्ये चौदा माणसं बोंबलून राहिलेली. आता निघतोच असं त्यांना दाखवायला म्हणून मी जरासा हॉर्न दिला. जरासाच.

वेबसाइट निघाली. वर जिवनबाईचा फोटो, मधी गाणी, खाली किती जण येऊन गेले त्याचा आकडा, आन् एक पान असं की ऐकणाऱ्यानं तिथं आपलं मत लिहायचं. आठ महिन्यांनी मी आकडा विचारला.

"अकरा," संतोष म्हणला. "त्यातले नऊ माझेच, मामा. बराबर चालते का ते बघायला उघडली होती."

"आन् दोन?"

त्यानं जरा आठवलं. "ते बी माझेच असतील."

हे जिवनबाईनं ऐकलं. ती म्हणली, "वेबसाइटच्या जागेचं वर्षाचं भाडं भरलंय ते होळीला संपतंय ना? तोवर एक जरी परका माणूस आला, ऐकून काही बोलला, तर ठेवा. न्हाई तर काढून टाका. भिंतीपुढं मी गाणार न्हाई. तिथं बी न्हाई आन् घरात बी न्हाई."

जिवनबाई बोलली की बोलली. होळीला चार महिने होते.

पहिल्यांदा मी जीपच्या मागं पेंटरकडून वेबसाइटचा पत्ता लिहून घेतला, लाल अक्षरांत, दोन्ही बाजूंनी मोर. वारंगा फाट्यापर्यंत भाडं मारून आलो, सगळ्या ट्रकवाल्यांनी वाचला. एकानं विचारलं, हे सोयाबीनवर मारायचं औषध हाये का? दुसरा म्हणला, सुरुवातीला तेच अक्षर तीनदा काहून लिहिलं, पेंटर पिऊन होता का? औंढ्याला दर्शनाला निघालेली एक म्हातारी तर म्हणली, मला ह्याच गावाला उतरव, नाव चांगलं दिसतंय. आकडा बारा झाला. बारावा पेंटर होता, स्वतःचं काम बघायला गेलता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, ही जीप रिकामी हाये. आत डोकावल्यावर बारा दिसतात, कोण चढंल? आधी आपली माणसं बसवायला पाहिजे.

बाजाराच्या दिवशी खेपा मारून सगळा तांडा जीपनं कॅफेवर नेला. आमच्या तांड्याचे प्रमुख, नायक फुलसिंगदादा पहिल्या खेपेला पुढं बसले, फेटा बांधून. ते कॅफेच्या दारात जोडे काढून आत गेले, पडद्यावर जिवनबाईचा फोटो बघितला आन् थोडा वेळ तसेच उभे राहिले.

"जिवन दिसून राहिली," ते म्हणले, "पण बसा म्हणत न्हाई."

"दादा, हे नुसतं बघायचं राहतं," संतोष म्हणला.

"एवढ्या लांबून आलो. पाहुणा आला तर घरात पाणी तरी विचारतात."

मग मला सगळ्यांना चहा पाजावा लागला. एकेकानं बसायचं, बटन दाबायचं, गाणं जरा ऐकायचं, उठायचं. सुमनबाईला जागा सोडवेना, ती म्हणली माझी बारी आत्ताच लागली. भीमसिंग चारदा रांगेत घुसला, प्रत्येक वेळी चहा पिऊन. संध्याकाळपर्यंत आकडा दोनशे चौदा झाला, आन् कॅफेत परीक्षेचे फॉर्म भरायला आलेली माणसं बाहेर उभी राहून आमचा उद्धार करून राहिली होती.

महिनाभर वाट बघितली. आकडा दोनशे चौदा. मत लिहायचं पान कोरंच. म्हणजे माणसं बसलेली दिसतात, पण बोलत न्हाईत. असली जीप बी लोकांना खटकते, मढी बसवली काय म्हणतात. तर त्यांना बोलतं करणं भाग होतं. मी सांगत गेलो, संतोष टाइप करत गेला. अकोल्याहून एक जण: आवाज एक नंबर. नागपूरहून एक जण: गाणी एक नंबर, टायमावर सुरू होतात. हैदराबादहून एक जण: एक नंबर, आरामात ऐकता येतं, गर्दी न्हाई. असे नऊ लिहिले. संतोष म्हणला, मामा, हे बराबर न्हाई. मी म्हणलो, तू टाइप कर.

होळी आठ दिवसांवर आली तेव्हा जिवनबाईला मोठ्या ऐटीत कॅफेत नेलं. संतोषनं नऊ बी वाचून दाखवले. ती मांडीवर हात ठेवून ऐकत होती. मला वाटलं आता हसंल.

"अकोला, नागपूर, हैदराबाद," ती म्हणली. "वारंगा फाट्यावरच्या पाटीवर हीच गावं हायेत ना?"

मी छताकडं बघू लागलो.

"आन् ढावलो ऐकून कोणी एक नंबर म्हणतं का?" तिचा आवाज चढला न्हाई, तेच वाईट होतं. "नऊ माणसं, आन् एकाला बी रडू आलं न्हाई? तुमी मला बी बसवलेल्या माणसांनी फसवता व्हय?"

घरी जाताना ती मागच्या शिटावर बसली. बायको मागच्या शिटावर बसली की डायवरनं काय समजायचं ते समजायचं असतं. मला माझीच लाज वाटली. आठ दिवस तिनं मला फक्त 'जेवा' आन् 'उठा' एवढंच म्हणलं.

होळीच्या आदल्या दिवशी ती म्हणली, चला, माझ्या डोळ्यांदेखत काढून टाका. गेलो. संतोषनं तोंड पाडून ते पान उघडलं आन् थांबला. "मामी, इथं दहावा हाये."

जिवनबाईनं माझ्याकडं बघितलं. "हे बी तुमीच?"

"न्हाई. सेवालाल महाराजांची आण."

"वाच," ती संतोषला म्हणली.

संतोष वाचू लागला. "मी शिला. माहेर पुसदकडचं, आता मस्कतला दवाखान्यात नर्स आहे. ढावलो कुठं मिळतो का शोधत होते, तर तुमचं एवढंच सापडलं. तिसऱ्या गाण्यात नवरी आधी विहिरीचा निरोप घेते आणि मग गाईचा. हे चूक आहे, माझी आजी आधी गाईचा घ्यायची. दुसरं, बाई, तुम्ही इतकी घाई का करता? नवरी माहेर सोडून चालली आहे, तिला जीप पकडायची नाही."

संतोष माझ्याकडं बघत थांबला.

"वाच," जिवनबाई म्हणली.

"तिसरं, पाचव्या गाण्यात कोणीतरी हॉर्न वाजवतं. तीन वेळा. त्या माणसाला तिथून कोणी हाकलत नाही का? माझं लग्न कोर्टात झालं. आई आली नाही, ढावलो झाला नाही. काल ड्यूटीवरून येऊन ते गाणं पाच वेळा लावलं. दर वेळी रडायला येतं आणि दर वेळी हॉर्नपाशी अडतं. कृपा करून हॉर्न काढा."

जिवनबाईनं पदर तोंडाला लावला, बराच वेळ लावून ठेवला. मी म्हणलो, "खरंच मी न्हाई लिहिलं गं."

"आण घेऊ नका, कळलं मला," ती पदराआडून म्हणली. "तुमी कसं लिहाल? तुमाला हॉर्न कधी ऐकूच येत न्हाई."

मग पदर खाली आला आन् तिचा जुना आवाज बाहेर पडला. "संतोष, लिहून घे. आमच्या तांड्यात विहीर दारापुढं हाये आन् गोठा मागं. नवरी दारातून निघते. म्हणून विहीर आधी. तिच्या आजीचा गोठा पुढं असंल. पाचवं गाणं आपण परत करू, सावकाश, हॉर्न न्हाई. तोवर पोरीनं रडू राखून ठेवावं म्हणावं. आन् ते एक नंबरवाले नऊ आधी काढ."

मी हळूच म्हणलो की आकडा दोनशे चौदा दिसला म्हणूनच ती मस्कतवाली थांबली असंल. संतोष एकेक एक नंबरवाला पुसू लागला.

परतताना जीप खच्चून भरली, खऱ्या शिटांनी. जिवनबाई पुढं माझ्याशेजारी बसली. वाटेतलं नर्सी गाव मागं पडल्यावर ती पुटपुटू लागली, गाय आधी घेतली तर बसते का बघू. आधी बोटांवर मोजलं, मग गुणगुणली, मग तिनं सूर लावला. मागची बडबड हळूहळू थांबली. फाट्यावर म्हशींचा कळप आडवा आला.

"देविदास, हॉर्न मार ना," मागच्या शिटावर बसलेले माणिकराव म्हणले.

मी हात मांडीवर ठेवला. ढावलो सुरू झाला की मी लांब जीपपाशी जाऊन उभा राहायचो. आता जीपमध्येच होतो, जायचं कुठं? समोरच्या म्हशी मला नीट दिसंनात. त्या निघून गेल्या तरी मी गाडी हलवली न्हाई, आन् मागून हॉर्न बी कोणी मागितला न्हाई.