निम्म्याहून जास्त

विजयश्रीचं इंजिनिअरिंग गणराजदादाच्या ओव्हरटाइमवर झालं. वडील गेल्यावर लातूर सोडून तो चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला लागला, आणि तिची फी कधी एक दिवसही चुकली नाही. पुढे तिने ओळखीच्या लोकांसाठी छोटंसं क्रिप्टो नाणं काढलं, तेव्हा पहिलं मशीन त्याच्याच खोलीत लावलं.

बाकीची मशिनं निगडी, पिंपळे सौदागर, जिथे ओळख निघेल तिथे. झालेल्या व्यवहारांवर शिक्का मारायचं काम ही मशिनं करायची.

"मशिनांची निम्म्याहून जास्त ताकद एकाच्या हातात गेली, तर तो झालेला व्यवहारही पुसू शकतो," ती सगळ्यांना बजावायची. "म्हणून मशिनं घरोघरी हवीत."

पण मशिनं तापायची, दिवसभर घोंघावायची. उन्हाळ्यात लोक वैतागले. दादाने तळवड्यात पत्र्याची शेड भाड्याने घेतली.

"दादा, सगळी एका जागी नकोत रे."

"एका जागी म्हंजे माझ्याकडंच ना? का माझ्यावर बी भरवसा न्हाई?"

मग तिनेच टेम्पो करून मशिनं शेडवर पोचवली. शेवटचं मशीन मधुसूदन सरांचं. कॉलेजात तिला गणित शिकवणारे सर आता निवृत्त होऊन निगडीला राहत होते.

जानेवारीत सरांनी दादाकडची बरीच नाणी विकत घेतली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"विजयश्री, नाणी दिसेनाशी झालीत गं. माझंच काही चुकलं का?"

तिने ऑफिसातच नोंदी उघडल्या. दोन दिवसांच्या नोंदी नव्याने लिहिल्या होत्या, आणि त्यांत सरांची खरेदी झालीच नव्हती. नाणी पुन्हा दादाकडे. पैसे तर त्याच्याकडे होतेच.

ती तडक शेडवर गेली. दादा डबा खात होता. तिचा चेहरा बघूनच त्याने घास खाली ठेवला.

"तूच केलंस ना?"

"कंपनीनं दिवाळीतच काढलं मला," तो म्हणाला. "भाडं, लाइटबिल... सगळं थकलं व्हतं."

"मग मला सांगायचंस ना, दादा!"

"तुझ्याकडं हात पसरू?"

तिला रडू फुटलं. परक्या म्हाताऱ्या माणसाला फसवणं त्याला जमलं, बहिणीकडे मागणं जमलं नाही.

ती सरांकडे गेली. सगळं सांगितलं. "तू बजावलं होतंस. मशीन मीच दिलं," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "भाऊ जेवतोय ना नीट?" त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी तिने नाणं वापरणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळं कळवलं. काय झालं, कसं झालं, मशिनं आपण स्वतःच कशी पोचवली. 'कुणी केलं' तिथे मात्र बोट अडलं. तिने आधी 'एकाने' लिहिलं. मग ते खोडून लिहिलं, 'माझ्या भावाने, गणराजने.'

महिन्याभरात लोकांनी मशिनं परत नेली. नाणं बंद पडलं. दादाने तो मेसेज वाचला होता, निळ्या खुणा तिने पाहिल्या. उत्तर मात्र अजून आलेलं नाही.