गाठीतलं मीठ

“ताई, तू सांग तिला. तुझं ऐकंल ती,” असं म्हणत प्रविणने नकाशाची गुंडाळी माझ्या मांडीवर ठेवली.

प्रविण माझा चुलत भाऊ, पेणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावाचा सरपंच. सकाळीच तो रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या माझ्या घरी येऊन बसला होता. आतल्या खोलीत माझी धाकटी बहीण नूतन फोनवर इंग्रजीत बोलत होती. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची ती भारतातली प्रमुख. नव्या कारखान्यासाठी सरकारने ज्या जागा दाखवल्या, त्यांत आमचं बंद पडलेलं मिठागरही होतं. कुठली घ्यायची ते नूतन ठरवणार होती.

“मला त्यातलं काय कळतंय?” मी म्हटलं.

“कळायला कशाला पायजे? तू वाढवलीस तिला. आपली पोरं डोलवीला पोलादाच्या कारखान्यात कंत्राटावर जातात. आज काम हाय, उद्या नाय. इथं कारखाना आला तर...”

“प्रविण, तुझा आवाज आतपर्यंत येतोय,” दारातून नूतन म्हणाली. “चल, जागा बघू. चहा गावातच घेऊ.”

गाडी नागोठण्याच्या पुढे गेली तशी मला आईची आठवण झाली. बाबा गेल्यावर आईने नूतनला शिकायला माझ्याकडे पाठवलं. मी अष्टमीच्या शाळेत शिक्षिका होते. नदीवरचा पूल ओलांडून नूतन रोह्याच्या हायस्कुलात जायची. मग मुंबईत इंजिनियर झाली आणि बंगळूरला चिपच्या कारखान्यात लागली. आमच्या घरातलं कोणी परगावी निघालं की आमच्या मिठागरातलं चिमूटभर मीठ गाठीला बांधून द्यायची रीत होती, परक्या गावचं पाणी बाधू नये म्हणून. नूतन बंगळूरला निघाली तेव्हा आई तिच्या ओढणीला गाठ मारत होती आणि नूतन तिला कारखान्याचे नियम सांगत होती. आत जाताना पावडर नको, काजळ नको.

“कुकू पन नाय?”

“नाही गं आई.”

“कारखाना हाय का सोवळं?” आई हसली. “मीठ चालंल. मीठ कुठं चालत नाय?”

नेमकं तिथेच चालत नव्हतं. मिठाचा कणही चिप बिघडवतो. नूतन रोज कामावर गेली की अंगावर पांढरा झगा चढवण्याआधी गाठीला हात लावायची आणि त्याच हाताने हातमोजे ओढायची. कारखान्यातल्या चिपा एकामागून एक निकामी निघू लागल्या. पाणी बदललं, ॲसिड बदललं, यंत्रं उघडून पाहिली. मोठमोठे लोक डोकं धरून बसले. एके दिवशी हातमोजे ओढताना नूतनचं आपल्याच बोटांकडे लक्ष गेलं. तशीच ती साहेबांकडे गेली आणि ओढणीची गाठ टेबलावर सोडली. “सर, हे माझ्यामुळे होतंय.”

त्याच दुपारी तिने आमच्या शाळेत फोन केला. “ताई, मी बॅग भरून ठेवलीय. घरी येतेय.”

मी तिला म्हटलं, “हाकलतील तेव्हा ये.”

साहेबांनी हाकललं नाही. कारखान्यात घाण कुठून शिरते ते शोधायचं काम तिला दिलं. तेच तिचं आयुष्य झालं. पुढे तैवान, सिंगापूर, जिथे जिथे चिपा बिघडायच्या तिथे नूतन म्हात्रेला बोलावणं यायचं. यंत्राकडे ती नंतर वळायची, आधी माणसांचे हात बघायची.

मिठागरावर पोचलो. बांध ठिकठिकाणी खचला होता, आणि जिथे मिठाच्या राशी असायच्या तिथे कांदळवन माजलं होतं. खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या उघाडीच्या लोखंडी झडपेवरून नूतनने बोट फिरवलं. गंजाचा पापुद्रा सुटून हातात आला. तिने तो बराच वेळ पाहिला. मला तिचं उत्तर तिथेच कळलं.

“हवा गाळायची मशीन असतात ना?” प्रविणने विचारलं. “मी मोबाईलवर बघितलंय.”

“असतात,” ती म्हणाली. आणि गाडीकडे वळली.

देवळात गाव जमलं होतं. हार, शाल, नारळ, सगळं तयार होतं. नूतनने बसायलाही वेळ घेतला नाही.

“कारखाना इथे येणार नाही,” ती म्हणाली. “हवा गाळता येईल. पण उधाणाला बांध फुटतो, ते मी लहानपणी पाहिलंय. खारं पाणी एकदा आत शिरलं की कारखाना बंद आणि तुमची पोरं परत घरी. बंद पडणारा कारखाना मी माझ्या गावाला देणार नाही.”

“मोठ्या मानसाला नाय म्हनायला काय लागतं!” प्रविण म्हणाला.

त्याची आई, आमची धोंडुकाकी, खांबाला टेकून बसली होती. “मिठावर वाढलीस नि आता मिठालाच नाक मुरडतेस गो?”

नूतन जाऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

“नाक नाही मुरडत, काकी. मिठाला ओळखते म्हणून बोलते. ते लोखंड खातं.”

“मानसं पन खातं,” काकी म्हणाली. “तुझ्या बापाच्या पायांच्या भेगा बघितल्यास ना तू?”

“म्हणूनच.” मग ती प्रविणकडे वळली. “कारखाना दुसरीकडे होईल. शिकलेली पोरं पाठव, मी शिकवून घेईन. पण आत जाताना गाठ बाहेर सोडून जायची.”

“बघू,” तो म्हणाला. नजर वर केली नाही. निघताना मात्र नारळ तिच्या हातात कोंबला. “आनलाय तर घे. तो काय मी घरी न्यायचा?”

गाडीपाशी धोंडुकाकी काठी टेकत आली. तिने नूतनच्या साडीचा पदर हातात घेतला, त्यात चिमूटभर मीठ ठेवलं आणि गाठ मारली. नूतन मान खाली घालून उभी राहिली.

अष्टमीला परतलो. मी आमटी उकळत ठेवली होती. नूतनने ओट्यापाशी येऊन गाठ सोडली, मीठ बोटांत चोळलं. बारीक, पांढरंशुभ्र, कोरडं.

“ताई, हे दुकानातल्या पुडीतलं आहे.”

“आगर बंद होऊन किती वर्षं झाली,” मी म्हटलं. “तिने कुठून आणायचं?”

तिने ते आमटीत घातलं. मी आधीच मीठ घातलं होतं, बोलले नाही. आम्ही दोघी जेवलो, मधूनमधून पाणी पीत.

जेवण झाल्यावर नूतन मोरीत गेली आणि हात धुऊ लागली. आधी नखं, मग बोटांच्या बेचक्या, मग कोपरापर्यंत. दुसऱ्या दिवशी तिला कंपनीच्या चालू कारखान्यात जायचं होतं. तिने बदलून खुंटीवर टाकलेल्या साडीच्या पदराला गाठीची चुणी तेवढी राहिली होती.