साय काढलेल्या दुधातले बटाटे

बाळकृष्णरावांच्या छातीत कळ आली ती १९५८च्या चैत्रात. डॉक्टर सांबशिवांनी लोणी, तूप, साय सगळं बंद केलं. राव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पत्नी जाऊन दोन वर्षं झालेली. तीन आठवडे त्यांनी पथ्याचा भात नुसता चिवडला.

त्यांना हवे होते बटाटे. कालव्याच्या कामावर असताना गोऱ्या इंजिनिअरचा खानसामा चकत्यांचे थर लावून लोण्यासायीत भाजायचा. तेव्हापासून घरी दर रविवारी तेच.

शेवटी त्यांच्या सुनेनं, भामानं, वाट काढली. दूध तापवून साय काढून घेतली. उरलेल्या दुधात चमचाभर तांदळाचं पीठ कालवलं. पातळ चकत्या, मिरपूड, मग परसातल्या पानओव्याची, पुदिन्याची आणि कोथिंबिरीची बारीक चिरलेली पानं, असे थर पितळी पातेल्यात लावले. वरून ते दूध, मग झाकण, झाकणावर निखारे.

राव दोनदा मागून जेवले. भामाला वाटलं, हीच वेळ आहे.

"मामंजी, तिरुवैयारूच्या मुलींच्या शाळेतून नोकरीचं पत्र आलंय. दहा जूनला हजर व्हायचंय."

भामा बी.टी. झालेली, शाळेत शिकवण्याची पदवी घेतलेली. नवऱ्याला, राजगोपालला, ती आधीच बोलली होती. तो ओरत्तनाडूच्या कचेरीत कारकून. "अप्पांना विचार," एवढंच म्हणाला होता.

रावांनी बोटं चाटली. आवाजात राग नव्हता, माया होती. "तू गेलीस तर हे कोण करणार, बाळ?"

रविवारी डॉक्टर आले, नाडी पाहिली, खूश झाले. "सूनबाईच्या हाताचं चालू ठेवा. औषधापेक्षा तेच लागू पडतंय."

सगळे हसले. भामाही हसली. मग आत येऊन चुलीपाशी बसली. कुणी तिला रागावलं असतं तर भांडता आलं असतं. इथं जो तो तिचं कौतुक करत होता, आणि दर कौतुकाबरोबर दार थोडं आणखी लोटलं जात होतं.

मग तिनं वरकामाच्या अलमेलूला हाताशी घेतलं. चकती किती पातळ, दूध किती, पानं कधी घालायची, चार दिवस शिकवलं. पाचव्या दिवशी अलमेलूनं एकटीनं केलं. रावांनी एक घास घेतला आणि ताट बाजूला सारलं.

"हे ते नव्हे."

भामानं स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यातलं चाखून पाहिलं. रतीभर फरक नव्हता. ती तशीच बाहेर आली.

"मामंजी, चव तीच आहे."

राव खाली मान घालून म्हणाले, "ठाऊक आहे मला. तुझी सासू असताना माझं जेवण होईपर्यंत समोर बसायची. आता तू बसतेस. अलमेलू वाढते आणि जाते."

भामाच्या जवळ उत्तर तयार होतं: संध्याकाळी साडेपाचच्या बसनं मी परत येईन, रात्री समोर बसेन. पण ते न सांगता तिनं बाजूला सारलेलं ताट पुन्हा त्यांच्यापुढे ओढलं आणि समोर बसली. तिनं शाळेला आणखी पंधरा दिवसांची मुदत मागितली.

उत्तराचं पोस्टकार्ड तेरा जूनला आलं. जागा दुसऱ्या बाईंना दिली होती.

तिनं ते रावांच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं.

"माझ्यामुळे गेलं," ते म्हणाले. ती 'नाही, नाही' म्हणेल, म्हणून थांबले.

"हो," भामा म्हणाली.

आतून येणारा राजगोपाल दारातच उभा राहिला. या घरात तिनं असा हो पहिल्यांदाच म्हटला होता.

रावांनी कार्ड परत दिलं. "पुढच्या वर्षी मला विचारू नकोस. सरळ जा."

"तुम्ही जेवाल?"

"जेवेन. नाही जेवलो तर उपाशी राहीन. ते माझं मी बघेन."

पुढचा जून यायला अजून वर्ष होतं. भामानं कार्ड पेटीत ठेवलं. बाहेर राव जेवणाची वाट पाहत होते. ती पाट मांडून त्यांच्यासमोर बसली आणि पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर आपलंही ताट वाढून घेतलं.