निकाल आधी, कारणं नंतर

घरात तिला वकिलीणबाई म्हणत, कारण बोलायला लागली तेव्हापासून ती भांडतच होती. तोंड कात्रीसारखं, पण अक्षर? अक्षराच्या नावानं आनंदीआनंद! मागच्या वेळी मालमत्ता कायद्याचा पेपर तिनं हातानं लिहिला आणि तपासणाऱ्यांनी शेरा मारला, "वाचता येत नाही." नापास! आज तोच पेपर, शेवटची संधी. हुकली की कॉलेजातून नाव कमी. म्हणून यंदा तिनं पेपर संगणकावर टाइप करायची सोय घेतली होती आणि बोटं अशी सुटली होती की विचारू नका.

टाइप करणाऱ्यांची एक खोड तिलाही होती. आधी निकाल ठोकून द्यायचा, कारणं मागाहून मध्ये घुसवायची. पहिल्याच उत्तराखाली तिनं ठोकलं होतं, "भाडेकरू हरेल." बाकीच्या उत्तरांचंही तसंच. शेवट तयार, पोटं रिकामी.

आणि स्क्रीन गोठला.

"मॅडम!"

पर्यवेक्षक बाईंनी चार कळा दाबून पाहिल्या. "तंत्रज्ञाला बोलावते. तोवर थांब, नाहीतर हातानं लिही. वेळ वाढवून मिळणार नाही हं."

"आणि मध्येच सुरू झालं तर?"

"तर दोन्हींतलं एकच द्यायचं. सरमिसळ चालत नाही."

आजूबाजूला टकटकाट चाललेला, आणि हिच्या हातात पेन!

कागदावर मध्ये काही घुसवता येईना. मग सुरुवातीपासूनच निघावं लागलं. घरमालकानं जागा सोडायची नोटीस दिली. ठीक. मुदत संपली. ठीक. पुढचं भाडं आलं, ते त्यानं मुकाट्यानं घेतलं... अगं बाई! म्हणजे नोटीस त्यानंच मोडीत काढली की! भाडेकरू हरत नाही, जिंकतो!

ती लिहीत सुटली. घाई झाली की अक्षर कोलमडायचं, मग ती दात-ओठ खाऊन हात आवरायची. शेवटचं उत्तर अर्ध्यावर आलं, तोच तंत्रज्ञ म्हणाला, "झालं बघा सुरू."

स्क्रीनवर तिची उत्तरं चकचकीत, सुवाच्य. चुकीची आणि पोकळ.

"थोडाच वेळ उरलाय," बाई म्हणाल्या. "कुठलं देतेस?"

"मॅडम, हे वाचता येतंय का हो तुम्हाला?" तिनं पान पुढे केलं.

बाईंनी नजर वळवली. "ते मी सांगू शकत नाही."

झालं! म्हणजे येतंय की नाही?

टाइप केलेलं दिलं तर अक्षरासाठी कुणी अडवणार नव्हतं. पण त्यात भाडेकरू हरत होता, आणि का, ते तिलाच ठाऊक नव्हतं.

"मशीन न्या," ती म्हणाली.

शेवटचं उत्तर तिनं अर्धंच सोडलं. उरलेल्या वेळात पहिल्या उत्तरातले कोसळलेले शब्द खोडून वर मोठ्या अक्षरात पुन्हा लिहीत बसली, एकेक करून. घंटा झाली. बाईंनी कागद ओढले, पण तिची आखडलेली बोटं सुटेचनात.

"सोड गं!"

तिनं सोडले.